भैरवीनंतर

हॅरिएटबाईंचं घर म्हणजे त्यांच्या आजेसासऱ्यांनी इंग्लंडच्या आठवणीने व्हर्जिनियात बांधलेली हौस. आता बडा घर पोकळ वासा. छत गळत होतं, तबेल्यांच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहिली होती आणि १९८६च्या उन्हाळ्यात घरही विकून झालं होतं.

शरयू त्यांची सून. नागपूरहून एम.एस. करायला आली आणि फिलिपशी लग्न करून इथलीच झाली. सासू-सुनेचं जमलं ते गाण्यावरून. तानपुरा नव्हता, म्हणून दर रविवारी हॅरिएटबाई जुन्या पियानोवर षड्ज-पंचम धरून बसायच्या आणि शरयू गायची.

या रविवारी मात्र फिलिप आईला वृद्धाश्रमात पोचवणार होता. हॅरिएटबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, फिलिप-शरयूचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघांच्या नोकऱ्या. शरयू भांडली, रडली, पण त्याचं एकही म्हणणं तिला खोडता आलं नाही. शेवटी तिने वेड्यासारखं एकच केलं, ती गातच राहिली. गाणं चालू असताना कोणी मध्ये बोलायचं नाही, ही या घराची शिस्त. फिलिप आईचा कोट घेऊन दारात ताटकळत राहिला. भीमपलास झाला, मुलतानी झाला, तरी शरयू काही भैरवीकडे वळेना. भैरवी झाली की मैफल संपली, मग कोणी गात नाही, हे तिनेच सासूला शिकवलं होतं.

"शरयू, आता भैरवी म्हण," हॅरिएटबाई हळूच म्हणाल्या.

"अजून एक गाते ना, आई."

"माझी बोटं दमली गं."

शरयूने भैरवी म्हटली. आवाज दोनदा फाटला, तरी ती शेवटपर्यंत गायली. मग दाराकडे पाहिलं. भीमपलास कुठला आणि भैरवी कुठली हे ज्याला आजतागायत कळलं नव्हतं, तो फिलिप कोट छातीशी धरून लहान मुलासारखा रडत होता.

"आणखी एक गा, शरयू. प्लीज. एकच."

शरयूच्या जिवात जीव आला. खड्ड्यात गेला नियम, असं मनाशी म्हणून तिने श्वास घेतला. पण साथीचा सूर येईना. हॅरिएटबाईंनी पियानोचं झाकण लावलं होतं.

"भैरवीनंतर काही नसतं रे," त्या मुलाला म्हणाल्या आणि कोटासाठी हात पुढे केला.