आठचा घोट

पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरने पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं, गोळी ओठांपर्यंत नेली आणि तिथेच थांबला. फोन त्याने खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

"घेतलीस?" ताईने विचारलं.

रक्ततपासणीच्या खिडकीसमोर तो टोकन घेऊन बसला होता. काचेतून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं आणि माणसं त्यातून आवाज न करता जात होती. नवं औषध सुरू झाल्यापासून सकाळी त्याला असंच वाटे. जाग आलेली असायची, पण तो किनाऱ्याला लागलेला नसायचा.

ताईने त्याला आपली किडनी दिली त्याला चार वर्षं झाली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी रोज सकाळी आठला एक गोळी आणि आठच्या ठोक्याला ताईचा फोन. नुसत्या 'हो'वर तिचा विश्वास नव्हता. लहानपणी औषध कुंडीत ओतणाऱ्या भावाला ती चांगली ओळखून होती. तिला घोट ऐकू यावा लागे.

दीड महिन्यापूर्वी यकृतात शिरलेल्या हेपॅटायटिस सीच्या विषाणूवर हे नवं औषध सुरू झालं. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं : यकृत सुधारलं की ते आठची गोळी भराभर संपवेल, रक्तात ती कमी पडेल आणि किडनी धोक्यात येईल. औषध नाही घेतलं तर यकृत जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून दर पंधरवड्याला रक्त तपासायचं, तेही गोळी घेण्याआधी.

ताईला यातलं त्याने काहीच सांगितलं नव्हतं. तुझ्या किडनीशी जुगार खेळतोय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यामुळे आधीच्या दोन्ही वेळा याच बाकावर फोन आला तेव्हा त्याने मुकाट गोळी गिळली आणि तासाभराने नंबर लागल्यावर रक्त दिलं. ताज्या गोळीमुळे आकडा छान आला. डोस वाढवायची गरज कोणालाच दिसली नाही. काल मात्र किडनीचा रिपोर्ट बिघडला.

"गोळी तर रक्तात पुरेशी दिसतेय," डॉक्टरबाई कागद उलटत म्हणाल्या होत्या, "मग ही का कुरकुरतेय?"

तेव्हा त्याला बाकावरचे ते दोन घोट आठवले होते.

"अरे, घोट ऐकू आला नाही," ताई म्हणाली.

"आज आधी रक्त द्यायचंय, ताई. गोळी नंतर."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. शिवण उसवल्यावर पानं निसटावीत, तसं एकेक बाहेर पडलं.

"आता डॉक्टरबाईंनाही सांगतो," तो शेवटी म्हणाला. "डोस वाढवतील त्या. पण तुझी किडनी मी..."

ती रडेल, नाहीतर फैलावर घेईल. त्याची दोन्हीला तयारी होती.

"किडनीचं त्या बघतील," ताई म्हणाली. "यकृत कसंय तुझं?"

दीड महिन्यात त्याने स्वतःलाही हे विचारलं नव्हतं.

"विषाणू गेला," तो हळूच म्हणाला. "परवाच्या रिपोर्टात सापडला नाही. सांगायचं राहूनच गेलं."

"कोणाला?"

"कोणालाच."

खिडकीतून त्याचा नंबर पुकारला. त्याने गोळी खिशात टाकली, बाही वर सारली आणि फोन कानाला तसाच ठेवून दुसरा हात आत दिला.