थोरलीच्या मानेवरची पट्टी

बेल वाजली की आईचा हात दाराच्या कडीआधी थोरलीच्या मानेकडे जायचा. व्रण दबून राहावा म्हणून लावलेली सिलिकॉनची पातळ पट्टी रुमालाखालून दिसू नये म्हणून सोलून खणात पडायची आणि मानेवर रुमाल यायचा. मग दारात दूधवाला असो की शेजारीण. लग्नाची मुलगी भाजली आहे हे चारचौघांत जाता कामा नये, असं त्या घरात कुणी न बोलताच ठरलं होतं.

ती काम करायची त्या बेकरीत भट्टीतला तापलेला ट्रे मानेला लागला, त्याला तीन महिने होत आले होते. जखम भरली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं, "भरली म्हणजे सुटलीस असं नाही. खरं काम आता आहे. अंघोळ सोडली तर दिवसरात्र पट्टी, निदान काही महिने. व्रण वर यायला लागला, खाज सुटली, की लगेच ये."

व्रण वर आलाच. लाल, टणक, दोरीसारखा. मान वळवली की ओढ बसायची. सिस्टरनी त्यावर बोट फिरवलं. "पट्टी कुठे असते?"

"बहुतेक खणात."

"मग खण ठणठणीत असेल."

थोरलीला हसू आलं आणि लाजही वाटली. आता व्रणात इंजेक्शनं घ्यायची होती. पहिलं मंगळवारी, चार वाजता.

नेमकं मंगळवारी तीनलाच, लग्नाची बोलणी चालू होती त्या मुलाची आई आणि मावशी न कळवता आल्या. स्वयंपाकघरात आई कुजबुजली, "काढ ती. तासाभराचा तर प्रश्न."

"रोजच तासाभराचा प्रश्न असतो, आई."

"स्थळ हातचं जाईल."

"जाऊ दे. मान माझी आहे."

ती पट्टीसकट बाहेर येऊन बसली. मावशीनं कप खाली ठेवला. "हे काय गं?"

"भाजलंय. उपचार चालू आहेत."

"लग्नापर्यंत तरी झाकायचं. उपचार काय, नंतरही होतील."

"नंतर फार उशीर होतो, मावशी. दवाखान्यात चारची वेळ आहे. निघते मी."

ती जिन्यात पोचली तोच मागून आईचा आवाज आला, "काही नाही हो, साधं खरचटलंय. पोरगी जरा हट्टी."

थोरली चार पायऱ्या परत चढली. दार ढकललं.

"खरचटलेलं नाही. भट्टीच्या ट्रेनं भाजलंय. आणि हा व्रण असा फुगला, तो या घरात झाकून झाकून."

आईनं मान खाली घातली. पावणेचार झाले होते. उत्तराची वाट न पाहता थोरली जिना उतरली.