दिगंबर गुरुजींच्या वहीची नोंद

मित्रांनो, मी मृणालताईंच्या लॅपटॉपमधली एक जुनी संदर्भनोंद आहे. माझे सारे अंग चार रकान्यांचे: लेखक, शीर्षक, वर्ष आणि टीप.

माझा जन्म बुऱ्हाणपूरसमोर तापीच्या पलीकडच्या काठावर, जैनाबादला झाला. मृणालताई बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात शिकवतात. तेव्हा त्या तापीच्या पुरांवर प्रबंध लिहीत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या दिगंबर गुरुजींनी दर पावसाळ्यात राजघाटावर पाणी कितव्या पायरीला लागले, ते एका वहीत लिहून ठेवले होते. त्यांच्या ओसरीवर बसून, वही समोर ठेवून ताईंनी मला भरले. वही सुरू झाली ते वर्ष १९७९.

"नाव पूर्ण लिही बेटा," गुरुजी म्हणाले. "दिगंबर त्र्यंबक महाजन. शाळेत डी. टी. सर, घाटावर पायरीवाले मास्तर. पूर्ण नाव कोणी विचारलंच नाही."

प्रबंध लेटेक नावाच्या संगणक-प्रणालीत होता. त्यात लिहिणारा आज्ञा देतो आणि पाने आपोआप मांडली जातात. मी सगळीच्या सगळी शेवटच्या संदर्भसूचीत असे. पण वाक्यात नुसते लेखकाचे नाव हवे असले, तर ताई एक लहानशी आज्ञा लिहीत आणि माझा तेवढाच रकाना तिथे जाऊन बसे. कुठे शीर्षक, कुठे वर्ष. अशी मी चौदा जागी कामाला आले. टिपेला मात्र कोणी हाक मारली नाही. तिच्यात लिहिले होते, 'मूळ वही जैनाबादला, लेखकाच्या घरी.'

एका पानावर ताईंनी घाईत आज्ञा न देता वर्ष हातानेच टाइप केले. १९७९ चे १९९७ झाले.

परीक्षकांनी नेमके तेच पकडले. त्यांनी लिहिले, 'वही कधीची हेच ठरत नसेल, तर आतल्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवावा? हा संदर्भ वगळावा.' मुदत आठ दिवसांची होती. ताई घाबरल्या. चूक गुरुजींचीच असेल, असे धरून त्यांनी मला फाइलमधून काढून बाजूला ठेवले.

पाने पुन्हा तयार झाली. जिथे जिथे गुरुजींचे नाव, वर्ष, शीर्षक यायचे, तिथे आज्ञेत मला ओळखायला लिहिलेली खूण तेवढी जाड अक्षरांत उरली, हरवलेल्या माणसाच्या पाटीसारखी. त्याच दुपारी गुरुजींची मुलगी कुसुम हिचा फोन आला.

"ताई, बाबांची तब्येत बरी नाही. रोज विचारतात, वही कामाला आली का म्हणून. काय सांगू?"

"मीच येते," ताई म्हणाल्या. त्या तशाच जैनाबादला गेल्या. गुरुजी खाटेवर होते. ताईंनी सगळे सांगितले. गुरुजींनी उशाची वही उघडायला लावली. पहिल्याच पानावर, निळ्या शाईत, १९७९.

"चूक कोणाची मग?"

"माझी, गुरुजी."

"मग सजा वहीला काहून, बेटा?"

ताई तिथेच रडल्या. घरी येऊन त्यांनी मला परत जागेवर ठेवले, हाताने लिहिलेले वर्ष पुसून तिथे आज्ञा लिहिली आणि टिपेलाही पहिल्यांदा वाक्यात बोलावले. परीक्षकांना वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आणि स्वतःच्या चुकीची कबुली पाठवली. संदर्भ मान्य झाला.

अंतिम प्रत बांधणीला जायच्या दोन दिवस आधी गुरुजी गेले. ताईंनी माझा लेखकाचा रकाना उघडला आणि नावाआधी 'कै.' लिहिले. पाने तयार झाली. एका अक्षराने गुरुजी पानोपानी वारले. 'कै. दिगंबर त्र्यंबक महाजन पायऱ्या मोजत होते' हे वाक्य ताईंना पुढे वाचवेना. त्यांनी ते अक्षर पुसले.

"मोजत होते तेव्हा जिवंत होते," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, कोणाच्या मेहनतीतून दोन ओळी घ्याल, तेव्हा त्याचे पूर्ण नाव त्यालाच विचारून लिहा. आणि कधी शंका आली, तर नाव पुसण्याआधी मूळ वही उघडा. त्यासाठी नदी ओलांडावी लागली, तरी ओलांडा.