जवाईबापूची रिकामी टाकी

आमचे जवाईबापू लिलाधर वरठीले कारखान्यात कामाले हायेत. माह्या बहिनीले, ज्योत्सनाले, सासरी न्याची गोठ निघाली का त्याइच्या गाडीतलं पेट्रोल सरते. असा चमत्कार साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कोन्या गाडीत होत असन तं मले दाखवा, मी त्या गाडीले हार घालतो.

पोळ्याले ज्योत्सना माहेरी आली. आमच्यात रिवाज असा का, माहेरी आलेली पोरगी आपल्या मनानं वापस जात नाही, घरवाल्यानं येऊन तिले न्या लागते. आता जवाईबापू आलेच नाही असं कोनी म्हनन तं ते खोटं हाय. लय वेळा आले. येत, आमच्या तलावातली मरळ खात, बोटं चाटत, आनि हात धुवून झाले का तोंड पाडून म्हनत, "काय सांगू मामाजी, टाकी गळून राहिली. रिझर्व्हवर आलो कसातरी. हायवेवर ट्रकाइची गर्दी, डबलसीट नेलं आनि मधातच गाडी बंद पडली तं? ज्योत्सनाच्या जिवाले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

बायकोची एवढी काळजी! ऐकून माह्या मायच्या, रेवताबाईच्या, डोळ्यात पानी. माहा बाप, इतवारी, लगेच मले म्हने, "मिथुन, तुह्या गाडीतलं काढून दे जवाईबापूले." मंग मी आपल्या गाडीत नळी टाकू, तोंडानं ओढू, अर्धा घोट माह्या पोटात जाये आनि बाकी बाटलीत; ते बाटली जवाईबापू स्वताच्या हातानं टाकीत ओतत. ते जात भरल्या पोटानं. ज्योत्सना नवं लुगडं नेसून दारात उभी राहे, ती तशीच आत जाये. आनि दुसऱ्या दिवशी मी जाळं खांद्यावर घेऊन तलावावर पायी.

बोरिंगवर पानी भरताना बाया विचारत, "काहून वो ज्योत्सना, अजून इथंच?" ती म्हने, "गाडी नादुरुस्त हाय." पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली, गाडी आपली नादुरुस्तच. पोरगी वाळून काडी झाली. मले तिचं तोंड पाह्यलं का असा राग ये का बस. पन जवाईले बोलाची सोय नाही आमच्याइथं. जवाई म्हनजे देव. आनि देवाले कोनी विचारते का, का बावा, कालचा निवद कुठं गेला?

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तिच्या दुसऱ्या दिवशी देव पुन्हा प्रगटले. रातभर दंडारीचं नाटक पाहून डोळे लाल झालेले, तरी मरळ कोन्या तलावातली हाय ते विचारासाठी बरोबर उघडले. यावेळी मी आधीच ठरवलं होतं. साकोलीच्या गॅरेजात दोन वर्षं पाने उचलले हायेत मी, टाकी काढनं मले काही नवं नाही.

"भाऊजी," मी म्हनलो, "आज टाकीच खोलून टाकू. साकोलीचा वेल्डिंगवाला माह्या ओळखीचा हाय. दुपारी ठिगळ मारून देते, दिवस बुडाच्या आत तुमी दोघं रस्त्याले लागा."

जवाईबापूचा चेहरा पाहासारखा झाला. "राहू दे ना बे मिथुन. सनासुदीचं कायले हात काळे करतं?"

"त्याचे हात काळेच हायेत, जवाईबापू," बाप म्हने.

"बरं, मंग काढ. पन मी काय म्हनतो, खाली कराची भानगड नोको करू. टाकीत हायच काय? थेंब नाही. बोल्ट खोल आनि तशीच घेऊन जा."

"थेंब नसला तरी वास राह्यतेच ना, भाऊजी. खाली करून, धुवून, वाळवून नेल्याबिगर वेल्डिंगवाला टाकीले हात नाही लावत. आत पेट्रोल असलं आनि ठिनगी पडली, तं दुकान साकोलीत राहीन आनि तो लाखनीत सापडन."

ठिनगी म्हनताबरोबर मायनं तांब्याभर पानी चुलीत ओतलं. मरळ अर्धी शिजली, अर्धी कच्ची राह्यली.

"मामीजी, चूल कायले इझवली?" जवाईबापूचा आवाज एकदम कळवळून आला. एवढा कळवळा त्याइनं मंडपातही नोता दाखवला.

"तुमच्या जिवापरीस मरळ मोठी हाय का, जवाईबापू?" माय म्हने.

मी गाडी निंबाच्या झाडाखाली स्टँडवर लावली. कार्बोरेटरची नळी उपसली, पान्याच्या रिकाम्या बाटलीत सोडली आनि कॉक खोलला. मले वाटलं, कपभर येईन. बाटली भरली.

"आनखी एक घेऊन या, बाबा."

बापानं दुसरी आनली. तीही भरली. "गळकी टाकी हाय," बाप म्हने, "खालचं खालचं येत असन." मंग तेलाची कॅन आली. कॅनीचं बूड झाकलं, कॅन अर्धी झाली, गळ्यापर्यंत आली. थेंब नसलेल्या टाकीतून बोटाएवढी धार पडून राहिली होती आनि थांबाचं नाव नाही. माय घरात जाये, भांडं आने, मुकाट्यानं माह्याजवळ ठेवे. भात शिजवाचा जर्मनचा गंज आला. जवाईले खोटारडा कोन म्हनन? आमी संस्कारी मानसं, आमी फक्त भांडी आनली.

जवाईबापूले एकाएकी निंबावरच्या चिमन्यांमधे लय रस वाटाले लागला. मान वर ती वरच.

गंजही भरत आला तवा ज्योत्सना घरातून बाल्टी घेऊन आली. तिनं स्वताच्या हातानं बाल्टी नळीखाली सरकवली आनि तिथंच उकिडवी बसली. ती धारेकडे पाहून राहिली होती. नवऱ्याकडे तिनं एकदाही पाह्यलं नाही.

"लाखनीच्या पंपावर थोडसं टाकलं होतं वाटते," जवाईबापू चिमन्यांना म्हनले.

थोडसं! तेवढ्यात वरठीहून नागपूर पाहून यावं आनि देवीच्या दर्शनाले डोंगरगडलेही जाऊन यावं.

धार बारीक झाली, टपटप झाली, बंद पडली. मी सीट काढली, बोल्ट खोलले आनि टाकी उचलून हातात घेतली. खालून हात फिरवला. थोडा जंग होता, ओल कुठंच नोती. मंग मी कॉक बंद केला, झाकनाले ट्यूबची पट्टी गुंडाळली आनि बैलाइच्या पान्याच्या टाक्यात बुडवली, पंचरवाला ट्यूब बुडवते तशी. बाप वाकून पान्यात पाहे. माय पाहे. शेजारची सुलोचनाबाई कुंपनावरून पाहे, तिले कोनी बलावलंही नोतं.

"बुडबुडा नाही निघत रे, मिथुन," बाप म्हने. मंग सरळ उभा राह्यला आनि एवढा खुश झाला का काय सांगू. "जवाईबापू, नशीब तुमचं! टाकी ठनठनीत हाय! आता घेऊन जा ज्योत्सनाले."

माहा बाप भोळा हाय का बेरकी, हे मले आजवर समजलं नाही.

जवाईबापूनं मान खाली घेतली. "तसं नाही मामाजी... घरी आई हाय, जागा लहान पडते... आता लगेच म्हनजे... पुढच्या महिन्यात पाहू."

तं हे होतं. एवढे दिवस गाडीच्या नावानं बोंबा मारून राहिले होते, आनि गाडी बिचारी बिनकसूर. माह्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, कारन हातात राह्यला असता तं माहाच भरोसा नोता.

ज्योत्सना उठली. "मिथुन, टाकी बसव. पेट्रोल सारं वापस भर. एक थेंब ठेवू नोको घरात."

मी टाकी पुसून वाळवली, बसवली, बाल्टी, गंज, कॅन, बाटल्या सारं ओतलं. मंग ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राह्यली. "साकोलीहून भंडाऱ्याच्या बसा दिवसभर जातेत. रस्ता मले माहीत हाय. मी बसची वाट नोती पाहत, तुमची पाहत होती."

"तं चाल ना मंग!" तो एकदम म्हने. "मी कुठं नाही म्हनलो? बस मागं."

"गाडी चांगली हाय. टाकी चांगली हाय. पेट्रोलही हाय," ज्योत्सना म्हने. "आता मागं बसनारी नाही."

लिलाधरनं माह्या बापाकडे पाह्यलं. बापानं तोंड फिरवलं. गाडी एका किकमधे चालू झाली आनि तो उपाशीपोटी गेला. मी खोटं नाही सांगत, मले लय बरं वाटलं. आता पोरीले चार शब्द बोलावे, तिची समजूत घालावी, म्हनून मी जवळ गेलो.

"असा मानूस असन असं कोनाले वाटलं होतं, ज्योत्सना? आज टाकी खाली केली म्हनून तं समजलं."

"मले दसऱ्यालेच समजलं होतं," ती म्हने. "गाडी सावलीत मीच लावत होती ना. ढकलताना आत पेट्रोल हाले, आवाज ये."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली होती. मायले सांगतलं होतं, बाबाले सांगतलं होतं. दोघंही म्हनले, जवाईबापूबद्दल असं बोलू नये."

माय तिथंच उभी होती. ती इझलेल्या चुलीकडे वळली, बाप रिकामी भांडी गोळा कराले लागला, आनि सकाळपासून माह्या तोंडाचा जो पट्टा चालू होता तो तिथंच बंद पडला.