पहिल्या ओळीतलं नाव

गुंजनच्या डाव्या चपलेची टाच उजव्या टाचेपेक्षा तीन पूर्णांक दोन मिलिमीटरनं जास्त झिजली होती. हा काही अंदाज नव्हता. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर रिकामा पडला होता, सर जेवायला गेले होते, आणि तिनं दोन्ही चपला काढून प्रत्येक टाच तीन-तीनदा मोजून सरासरी काढली होती.

"छी! ये क्या कर रही है तू?" शेजारच्या टेबलावरून मिताली म्हणाली.

"नाप रही हूँ. बाएँ पैर पे ज़्यादा ज़ोर देती हूँ, देख."

"मेरे तीन हज़ार कब देगी, वो भी नाप के बता दे."

मिताली हसत म्हणाली, म्हणून गुंजनही हसली. पण तारीख सांगितली. पाच जून.

फेब्रुवारीपासून ती पायी फिरत होती. भिलाईतल्या रुआबांध्याच्या घरापासून स्टील प्लांटच्या सेक्टरांतल्या शिकवण्या, तिथून कॉलेज, परत घर. ऑटोचे रोजचे चाळीस रुपये वाचत. आईच्या, कौशल्याच्या, ध्यानात यायला आठ दिवस लागले.

"कावून वो, पायदल कावून येऊन राहिली? आटो बंद हायेत का?"

"चालनं चांगलं असते, आई."

"तुह्या बापाले सांग ते. दिवसभर प्लांटात चालते अन् घरी येऊन पाय चेपाले सांगते."

वडील, फकिरा, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते. त्यांच्या पगारात घर चालायचं आणि त्याच्या पलीकडे काही चालायचं नाही. म्हणून एम.एस्सी.ची फी, वह्या, फोनचं रिचार्ज हे सगळं गुंजनचं तिनंच पाहायचं, असं कुणी न सांगताच ठरलेलं होतं. सहा मुलांच्या शिकवण्यांचे चार हजार आठशे यायचे. त्यातले दीड हजार ती घरी द्यायची.

पहिलं कर्ज झालं तेव्हा ते कर्ज आहे हे तिला कळलंच नव्हतं. कारण ते बीसीतून, म्हणजे भिशीतून, आलं होतं, आणि बीसी म्हणजे बचत, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

गल्लीतली बीसी वासंतीकाकू चालवायच्या. बारा बायका, महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, जमतात चोवीस हजार. ज्या बाईला त्या महिन्यात पैसे हवेत ती बोली लावते, म्हणजे चोवीसातले किती सोडते ते सांगते. जी जास्त सोडेल तिला रक्कम मिळते. सोडलेले पैसे वर्षाच्या शेवटी सगळ्यांत वाटले जातात. हप्ता मात्र बाराही महिने पूर्ण भरायचा. आणि ज्या बाईनं नवीन बाई आणली असेल, तिनं त्या नवीन बाईची जबाबदारी घ्यायची. गुंजनला कौशल्यानं आणलं होतं.

गेल्या जुलैत, तिसऱ्या महिन्यात, गुंजननं पाच हजार सोडून एकोणीस हजार उचलले. अ‍ॅडमिशन झालं, एक जुना लॅपटॉप आला. मग दर महिन्याचे दोन हजार जड जाऊ लागले. तेव्हा तिनं जे केलं ते या गल्लीत कितीतरी बायकांनी केलेलं होतं. सुपेल्यात शिलाईचं दुकान असलेल्या गिरजाबाईंच्या बीसीत नाव घातलं. बारा जणी, एक-एक हजार. जानेवारीत अडीच हजार सोडून साडेनऊ हजार उचलले, आणि त्यातून वासंतीकाकूंचे हप्ते भरले. आईला सांगितलं नाही. पहिल्या बीसीचा हप्ता एकदाही चुकला नाही म्हणून कौशल्या शेजारणींत मान वर करून बसायची. त्या मानेखाली दुसरी बीसी आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ते साडेनऊ हजार उचलले त्याच आठवड्यात एका शिकवणीत ती आठवीच्या मुलाला चक्रवाढ व्याज शिकवत होती. मुलानं विचारलं, "दीदी, ये असली में कहीं होता है क्या?" ती उदाहरण शोधायला लागली आणि सापडलं ते स्वतःचंच. घरी येऊन तिनं प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर वासंतीकाकूंच्या बीसीचा पूर्ण हिशेब मांडला. आधी भरलेले दोन हप्ते वजा, शेवटी परत मिळणारा वाटा जमा. उत्तर महिन्याला पाच टक्क्यांहून थोडं जास्त आलं. तिला वाटलं, चुकलं. पुन्हा केला. तेच आलं. बी.एस्सी.ला गणितात ब्याऐंशी मार्क मिळवलेल्या मुलीनं सहा महिने हा आकडा काढून पाहिला नव्हता, कारण बायका त्याला व्याज म्हणत नव्हत्या. 'सोडलेले' म्हणत होत्या.

त्या दिवशी तिनं ठरवलं की या दोन फिटल्या की बीसी बंद. ठरवलं, पण कुणाला बोलली नाही.

पुढचे तीन महिने तिनं बाकीची सगळी कामं केली. कॉलेजच्या बाबूंना भेटली. पुढल्या वर्षाची नऊ हजार फी दोन भागांत भरता येईल का विचारलं. अर्ज द्या, म्हणाले. दिला. मे-जूनमध्ये शाळा बंद, म्हणजे शिकवण्या बंद. गेल्या वर्षी नेमकी तिथंच गाडी घसरली होती. म्हणून कुम्हारीच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर दोन महिन्यांचं काम शोधलं. ट्रक काट्यावर चढवायचा, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. महिन्याला साडेसात हजार. बसभाडं जाऊन दोन महिन्यांचे बारा हजार सहाशे उरत. त्यात सुपेल्याचे दोन हप्ते, मितालीचे तीन हजार, फीचा पहिला भाग साडेचार हजार, घरचे तीन हजार. शिल्लक शंभर रुपये. पुढे ऑक्टोबरमध्ये सुपेल्याचा शेवटचा हप्ता, आणि मग कुणाचंच काही नाही.

या हिशेबात वासंतीकाकूंच्या नवीन बीसीचे दोन हजार कुठंच बसत नव्हते. कसेही फिरवले तरी नव्हते.

आणि नवीन बीसी अक्तीला सुरू व्हायची होती. छत्तीसगडात अक्षय तृतीयेला अक्ती म्हणतात. वासंतीकाकू तीन पिढ्यांपासून दुर्ग-भिलाईतल्या, त्याही अक्तीच म्हणायच्या. त्यांची एक रीत होती. आदल्या रविवारी सगळ्या जणी त्यांच्याकडे जमायच्या, काकू नव्या वहीच्या पहिल्या पानाला हळदकुंकू लावायच्या आणि पहिली रक्कम उचलणारीचं नाव पहिल्या ओळीत लिहायच्या. एकदा लिहिलेलं ते नाव वर्षभर खोडायचं नाही. खोडलं तर बीसी मोडते, असं सगळ्या मानत. एकदा एक बाई मध्येच गाव सोडून गेली, तरी काकूंनी तिच्या नावापुढं स्वतः हप्ते भरले होते.

शनिवारी भाकरी थापता थापता कौशल्या म्हणाली, "उद्या पयली तुलेच भेटनार हाये. मी वासंतीबाईसंग बोलून ठेवलं. कोनीच बोली नाई लावनार. तीन हजारात देऊन टाकतो म्हनतात. पोरगी शिकून राहिली, तिले सांभाळाव लागते म्हनतात."

गुंजन भाकऱ्या टोपलीत रचत होती.

"एकवीस भेटते. नऊ तुही फी. अन् आठ हजार मी आमगावच्या मामाले कबूल केले. त्याच्या पोरीचं लग्न हाये, आहेर कराव लागते. बाकी तुहे."

"कबूल केले?"

"फोनवर सांगून टाकलं. मामा खूश झाला." कौशल्यानं भाकरी उलटली. "अशी कावून पाहून राहिली? पैसा का पळून चालला? फिटतेच ना दर साली."

देणं फिटत नव्हतं. एका बीसीतून दुसऱ्या बीसीत जात होतं. पण ते त्या भाकरीसमोर सांगायला तिला वाक्य सापडलं नाही, आणि ती "हं" म्हणाली. कौशल्यानं त्याचा अर्थ होकार घेतला.

रात्री तिनं नव्या देण्याचाही दर काढला. महिन्याला सव्वा टक्का आणि वर थोडं. गेल्या वेळच्या दराचा चौथा हिस्सा. दर वाईट नव्हता, हे तिनं मान्य केलं. बायका खरोखर तिचं भलं करत होत्या. पण पुढल्या जुलैत ती पुन्हा इथंच उभी असणार होती, पुढल्या वर्षीचे पैसे या वर्षी खाऊन. फक्त तेव्हा हाताशी कुम्हारीचं काम नसेल, मिताली नसेल, एम.एस्सी.ही संपलेली असेल.

रविवारी चारला काकूंच्या बैठकीत कूलर लावला होता तरी बायका पदरानं वारा घेत होत्या. काकूंचे मिस्टर सूर्यकांत आतल्या खोलीत जाऊन बसले होते. शेजारच्या घरची सून दिपाली पन्ह्याचे ग्लास फिरवत होती.

"मावशी, तुमच्या पोरीले दोन ग्लास देते," ती कौशल्याला म्हणाली. "आज तो लखपति है ये!"

"एकवीस हजाराची लखपती," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

"हसू नका गं," काकू म्हणाल्या. "आपल्या गल्लीतली एम.एस्सी. करणारी ही एकटीच. उद्या कॉलेजात मॅडम होईल, मग आपली बीसी विसरेल."

"नाई विसरनार," कौशल्या म्हणाली. तिच्या आवाजात जो अभिमान होता, तो गुंजननं याआधी फक्त निकालाच्या दिवशी ऐकला होता.

काकूंनी नवी वही मांडीवर घेतली. पहिलं पान उघडलं, बोटानं हळद लावली, मग कुंकू. बोट पदराला पुसलं. चष्मा चढवला आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

"तर कुणी बोलणार आहे का अजून? नाही ना? मग तीन हजारात गुंजन."

"लिहा," दोघीतिघी म्हणाल्या.

गुंजनचा ग्लास हातात तसाच होता. तिनं तो फरशीवर ठेवला. आई शेजारीच बसली होती, गुडघ्याला गुडघा लागलेला.

"काकू, थांबा."

पेन थांबलं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं? तीनही जास्त वाटतात का?"

"लाजून राहिली ते," कौशल्या घाईनं म्हणाली. "लिहा तुमी."

"आई, लाजून नाई राहिली." गुंजन आईकडं वळली, कारण पुढचं आधी तिलाच सांगायला हवं होतं. "सुपेल्यात माही अजून एक बीसी हाये. गिरजाबाईकडं. तिच्यातून इथले हप्ते भरत होती मी. तुले सांगितलं नाई."

दिपाली ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. कौशल्याचा गुडघा बाजूला सरकला.

"कवापासून?"

"दिवाळीनंतरपासून. सहा हजार राहिले. मी फेडतो. उद्यापासून कुम्हारीले कामाले जातो, तेथून फेडतो. मामाले मीच फोन करतो."

कौशल्या पानावरच्या हळदीकडे पाहत राहिली. काकूंनी पेन वहीवरून उचललं, पण टोपण लावलं नाही. अजून वाट पाहत होत्या. नाव तिचंच लिहायचं की नाही, हे तिनंच सांगावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काकू, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी केलं, ते मला कळतं," गुंजन म्हणाली. "पण माझं नाव लिहू नका. पहिल्या ओळीत नको, शेवटच्याही नको. मी या वर्षी बीसीत नाही."