हजार गेटांचा बाजार

शिरूरच्या मार्केट यार्डाच्या गेटवर हौसरावांनी एकतीस वर्षं काढली. बिनपावतीचा टेम्पो असो नाहीतर कुणा पुढाऱ्याची पिकअप, त्यांनी हात आडवा केला की गाडी जागेवर थांबायची. गेट बंद म्हणजे बंद, एवढं एकच शास्त्र त्यांना पाठ होतं.

बायको वच्छलाबाई गेल्यावर निमोण्याच्या घरात ते एकटेच उरले. मुलगी समृद्धी दौंडला दिलेली. ती घरी बसूनच कॉम्प्युटरचं काम करायची. महिन्याभरानं ती आली आणि टीव्हीशेजारी जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन ठेवून गेली.

"आबा, एवढं सांभाळा. बिटकॉइनची वही हाय यात."

वही कसली, तेही तिनं सांगितलं. जगभर हजारो लोकांच्या घरी अशी मशिनं आहेत, सगळ्यांत तीच एक वही आहे, आणि तिला मालक नाही. साधारण दर दहा मिनिटांनी, कधी उशिरानं, एक नवं पान जोडलं जातं. एकदा जोडलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. हौसरावांना त्या पैशाशी काही देणंघेणं नव्हतं. पण लोक त्या वहीत जाहिराती आणि माकडांची चित्रं कोंबतात, हे ऐकल्यावर त्यांच्यातला वॉचमन उठून बसला.

"मग गेटवर कोण बसलंय?"

"कुणीच न्हाई. ज्यानं त्यानं आपापल्या मशीनला चाळणी लावायची. लांबलचक मजकूर आला तर घ्यायचा न्हाई आन् पुढंबी द्यायचा न्हाई."

"लाव की मग. वाट कसली बघती?"

चाळणी लागली. रोज सकाळी फडक्यानं मशीन पुसताना हौसरावांना बरं वाटायचं. एक गेट तरी अजून आपल्या ताब्यात आहे.

मग एक दिवस कपाट आवरताना जुन्या ओळखपत्राच्या पाकिटात त्यांना ती चिठ्ठी सापडली. समृद्धी पहिलीत असताना तिच्या पाटीवर तिच्याबरोबर वच्छलाबाईही लिहायला शिकल्या होत्या. आयुष्यात त्यांनी एकच चिठ्ठी लिहिली, ती नवऱ्याच्या डब्यात घालून पाठवली होती. आता कागद तेलानं आरपार दिसत होता आणि घडीवर फाटला होता. हौसरावांनी तो ताटात ठेवला आणि दौंडला फोन लावला.

"समे, तुझ्या आईचा कागद चालला गं."

"काय लिहिलंय? वाचा."

त्यांनी वाचलं. "भाजीत मीठ जास्त पडलंय. गपचिप खावा. दुसऱ्याला देऊ नका, मपली आब्रू जाईल. हे मी लिवलं हाय. वच्छला."

मग समृद्धी म्हणाली, "थांबा. आईला वहीतच घालते. तिथनं कोण काढतंय बघू. इथनंच आपल्या मशीनमधनं पाठवते."

शेजारचा गेणबा चहाला आला होता. फोनचा आवाज मोठा केलेला, त्यामुळं त्याला सगळं कळलं. "हौशा, मीठ जास्त पडल्याचं जगाला सांगतोस व्हय? वच्छलावहिनी वरनं लाटणं फेकून मारतील."

हौसराव हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

"आबा, तुम्ही आईला गेटवरनं माघारी धाडलं."

"म्हंजी?"

"तुमच्या मशीननं चिठ्ठी घेतली न्हाई. लांब झाली म्हणतंय."

"एवढीशी तर चिठ्ठी!"

"मराठीचं एकेक अक्षर तीन जागा खातं, काना-मात्रा येगळी. नुसतं वच्छला लिहायला अठरा जागा लागतात."

हौसराव खुर्चीतून उठले. एकतीस वर्षांत हजारो गाड्या माघारी लावल्या, कधी काही वाटलं नव्हतं. "काढ ती चाळणी. आत्ता काढ."

"राहू द्या. दुसऱ्याच्या मशीनकडनं पाठवली बघा."

"तोबी माझ्यासारखाच निघाला तर?"

"तुमच्यासारखं पाचातलं एखादं असंल. बाकीची घेतात, पुढच्याला देतात. नवं पान बांधून वहीला जोडणारे थोडेच हायेत, त्यातल्या एकाच्या हाती लागली पाहिजे."

"आन् न्हाई लागली तर?"

"मग न्हाई जायची आबा."

नवं पान आलं. त्यात चिठ्ठी नव्हती. दुसरं पान यायला अर्धा तास लागला, त्यातही नव्हती. गेणबाचा चहा संपला तरी तो उठला नाही. हौसराव खुर्ची मशीनजवळ ओढून बसले आणि त्यावरच्या हिरव्या दिव्याकडं पाहत राहिले. ताटातल्या कागदाचा एक कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं सुटून पडला.

"आली!" समृद्धी ओरडली. "आली आबा! आन् तुमच्या मशीनमधीबी आली!"

"माझ्या? त्यानं तर नाकारली."

"दारात नाकारली. पण पान बांधून आलं की नियमात बसतंय का एवढंच बघायचं. बसलं की जपायचं. ते पान न्हाई घेतलं तर आपलंच मशीन वहीतनं बाहेर."

यार्डाला एक गेट होतं. त्यांनी नाकारलेली गाडी रस्त्यावरच राहायची. इथं त्यांनी नाकारलेली गाडी कुठल्या तरी परक्या माणसाच्या गेटातून आत शिरली आणि फिरून त्यांच्याच शेडमध्ये येऊन उभी राहिली. हा असला बाजार बांधला तरी कुणी, आणि कुणी हुकूम न देता चालतो तरी कसा!

"कुठंकुठं गेली असंल?"

"सगळीकडं. जपान, ब्राझील. कुठं बर्फातबी असंल एखादं मशीन."

वच्छलाबाई उभ्या आयुष्यात दौंडच्या पलीकडं गेल्या नव्हत्या. आता मराठीचा म सुद्धा न कळणारी माणसं त्यांची खारट भाजी सांभाळत होती. हौसरावांनी गेणबाकडं पाहिलं. गेणबाही तोंड उघडं टाकून त्या डब्याकडं बघत होता.

"त्या पानावर आजूबाजूला काय हाय?"

"लोकांचे व्यवहार. एक बुटांची जाहिरात. आन् कुणी तरी आपल्या मेलेल्या कुत्र्याचं नाव लिहिलंय. लई चांगला व्हता म्हणून."

"घे," गेणबा म्हणाला. "कचऱ्यातच गेल्या म्हणायच्या वहिनी."

हौसरावांनी कागदाचा सुटलेला कोपरा ताटात परत जागेवर लावला. मग त्यांनी विचारलं, "समे, ती चाळणी ठेवली काय आन् काढली काय, फरक काय पडतो मग?"

"जगाला न्हाई पडत. तुमच्या दारापुरता पडतो."

"मग काढ," हौसराव म्हणाले. "माझ्या दारातनं आता कुणाची बायको माघारी जायला नको."