उलटं गाऱ्हाणं

नितेश तसा सज्जन माणूस. रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत त्याच्या टेबलाशी आलेला म्हातारा उभा राहिलेला त्याला खपायचा नाही; आधी खुर्ची, मग काम. पण टीव्हीवर फुटबॉलचा सामना सुरू झाला की या सज्जनाच्या तोंडाचं झाकण उडायचं. पंच, समोरचा संघ, त्या संघाचा प्रशिक्षक, सगळ्यांच्या आयाबहिणी त्याच्या बैठकीच्या खोलीत हजेरी लावून जायच्या. बायको राजश्री मुकाट्यानं उठून खिडक्या लावून घ्यायची.

"अहो, शेजारी काय म्हणतील?"

"मॅच आहे गं. मॅचमध्ये चालतं."

मॅचमध्ये चालतं! वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांच्या घरात म्हटलं जातं, जरा आठवून पाहा. मॅचमध्ये चालतं, निवडणुकीत चालतं, गाडी चालवताना चालतं. असं करता करता न चालणारी जागाच उरत नाही.

नितेशचा आवाज मात्र लाखात एक. खाडीकाठच्या त्याच्या गावात शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या देवाच्या चौथऱ्यावर, बसली की गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावानं मिळून देवाकडे मागायचं मागणं. मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतं. वडील गेल्यावर हा मान नितेशकडे आला. गेल्या शिमग्यात त्यानं पहिलं गाऱ्हाणं घातलं तेव्हा जुनी माणसं डोळे पुसत म्हणाली होती, "बापसाचा गळा उचललान हो!" नितेशला आयुष्यात कशाचा अभिमान असेल तर त्या एका वाक्याचा.

यंदा शिमगा तोंडावर आला होता आणि त्याच सुमारास नव्या मुंबईच्या मोठ्या स्टेडियमवर मुंबई आणि कोलकाता या संघांचा अंतिम सामना ठरला. गावातल्या आणि शहरातल्या दोस्तांनी मिळून बस केली. पुढाकार ओमकारचा. हा नितेशचा बालमित्र, मोबाइलच्या दुकानाचा मालक, ज्याला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढल्याशिवाय ती घडल्यासारखी वाटत नाही असा माणूस. नितेशनं आग्रहानं अयूबचाचांनाही घेतलं. चाचा त्यांच्याच गावचे, उभी हयात जहाजावर खलाशी म्हणून गेलेली. सुट्टीवर आले की भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात गावच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. या सगळ्या बसभर माणसांना बॉलला पाय लावायला त्यांनीच शिकवलं होतं.

"चाचा, तुम्ही नसलात तर मॅचला मजा नाही," नितेश म्हणाला होता.

"येतंय रे. पन एवढी मानसा एकदम बघून म्हातारा हरवला तर तू शोधायचास," चाचा हसून म्हणाले होते.

स्टेडियमवर पोचले तेव्हा कोणी कोणाला शोधायची सोयच नव्हती. सगळीकडे निळे सदरे, ढोल, पिपाण्या. तपासणीच्या रांगेतच कोलकात्याच्या दोन पोरांचे झेंडे कोणीतरी हिसकावून पायाखाली घेतले आणि आजूबाजूची माणसं खदखदून हसली. आत तर विचारू नका! समोरच्या संघाचा खेळाडू नुसता कोपऱ्याकडे बॉल आणायला आला तरी वरून शिव्यांचा पाऊस. आणि शिव्या देणारे कोण? बँकेतले साहेब, शाळेतले मास्तर, घरी देवपूजा करून निघालेले गृहस्थ. गर्दीत शिरलं की माणूस आपलं नाव बाहेर चपलांसारखं काढून ठेवतो, तशातली गत.

सामना सुरू झाला आणि मुंबईच्या वाटेत एक काळ उभा राहिला. कोलकात्याचा गोलरक्षक. पिवळा सदरा, कोवळा चेहरा, अंगानं काटकुळा; पण बॉल कुठूनही येऊ दे, गडी झेप घेऊन तो बाहेर काढायचाच. मुंबईनं धडका मारल्या, हा भिंतीसारखा उभा. मध्यंतर झालं, गोल नाही. नितेशचा घसा बसत आला होता आणि डोकं तापलं होतं.

तेवढ्यात ओमकारनं मोबाइल वर धरला. "नित्या, आता एकच उपाय. घाल गाऱ्हाणं!"

बसमधली मंडळी उसळली. "घाल, घाल!"

नितेश क्षणभर कचरला. मग त्याला आपल्या आवाजाची नशा चढली. तो बाकड्यावर उभा राहिला आणि त्यानं सहाणेवरचा तो सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो कोन पिवळा सदरा घालून वाटेत आडवा पडलाय..."

"व्हय म्हाराजा!"

मुंबईत कोकणी माणसांना काय तोटा! आजूबाजूच्या रांगांतून, वरच्या मजल्यावरून अनोळखी गळे साथीला आले. नितेशचा सूर आणखी चढला.

"त्याचे हात लुळे पाड! त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आण!"

"व्हय म्हाराजा!"

"चार मानसांनी उचलून न्यायची पाळी आण त्याच्यावर!"

"व्हय म्हाराजा!"

पुढे त्या पोराच्या आईचं नाव निघालं. ते इथे लिहिण्याजोगं नाही. ओमकार हसून हसून वाकला होता, पण मोबाइल त्यानं हलू दिला नाही.

या सगळ्यात एक माणूस गप्प बसला होता. अयूबचाचा. ओमकारचं लक्ष गेलं. "काय चाचा, तुमचा घसा बसला काय? म्हणा की व्हय म्हाराजा!"

"ह्याला मी व्हय म्हनायचो नाय," चाचा शांतपणे म्हणाले.

"का? कोलकात्याचे पावणे लागतात काय तुमचे?"

दोघंतिघं हसले. मागून कोणी म्हणालं, "आपल्या गाडीतून यायचं आणि त्यांच्या बाजूनं बसायचं!"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते नितेशकडे वळले. "नित्या, खाली उतर. गाऱ्हान्यात मागतात ता भला मागतात. कोनी वाकडा वागला तर त्याला बुद्धी दे म्हनतात. त्याचे हात मोड म्हनत नाय. तुझ्या बापसानं कधी म्हटलान काय?"

"आणि शिमग्यात बोंबा मारतो त्या?" ओमकार उसळला. "तिथं शिव्या चालतात, इथं नाही?"

"त्या बोंबा होळीत जळून जातात रे. त्या कोना एकाच्या तोंडावर मारलेल्या नसतात. आनि गाऱ्हाना घालताना कोन बोंब मारीत नाय. तू आज दोन्ही एकात कालवलंस. वर ता मोबाइलात भरून ठेवलंस."

बरोबर बोलत होते चाचा, आणि म्हणूनच ते नितेशला सोसलं नाही. चारचौघांत, ऐन रंगात, आपल्याला खाली उतर म्हणतात? तो वरूनच बोलला, "चाचा, हा आमच्या देवाचा विषय आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

आमच्या देवाचा! शब्द तोंडातून गेला आणि चाचांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, "आखातात लढाई पेटली तवा आमचा जहाज तिकडंच व्हता. घरी काय खबर नाय. त्या शिमग्याला तुझ्या बापसानं सहानेवर माझा नाव घेतलान. दर्यावर अडकलेल्या अयूबला सुखरूप आन म्हटलान, आनि पुऱ्या गावानं व्हय म्हाराजा म्हटलान. मी परत आलो तवा माझ्या आवशीनं मला हा सांगितलान. तवापासून ता गाऱ्हाना माझा पन हाय. आज तू मला भायेर काढलंस."

"बस झालं भाषण!" कोणी ओरडलं. "खाली बसा, मॅच सुरू झाली!"

मॅच सुरू झाली होती खरी. आणि थोड्याच वेळात ते घडलं. मुंबईचा एक गडी बॉल घेऊन एकटा सुटला. गोलरक्षकानं त्याच्या पायांत उडी घेतली. गुडघा आणि जबडा एकमेकांवर आदळले आणि पिवळा सदरा गवतावर पडला तो उठलाच नाही.

काय वाटतं, स्टेडियम चिडीचूप झालं असेल? छे! आधी टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मग वरच्या मजल्यावरून एका अनोळखी गळ्यानं आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!" आणि हजारो माणसं हसली.

"लागलं रे तुझं गाऱ्हाणं!" ओमकारनं नितेशच्या पाठीवर थाप मारली.

नितेश बाकड्यावरून खाली उतरला. खाली स्ट्रेचर आलं. चार माणसांनी त्या पोराला उचललं. ज्याच्या गुडघ्यानं त्याला लागलं होतं तो मुंबईचा खेळाडू स्ट्रेचरला धरून चालत होता आणि रडत होता. आपला माणूस! ज्याच्यासाठी एवढा घसा फोडला, तो रडत होता, आणि त्याच्यासाठी आलेली माणसं हसत होती.

"चाचा," नितेश कसाबसा म्हणाला, "माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळं नाय, गुडघ्यामुळं," चाचा कोरडेपणानं म्हणाले. "देव असल्या मागन्याकडं कान देत नाय. पन मानसांनी कान दिलानी. बघ, कशी हसतात ती. हा तू शिकवलंस त्यांना."

नितेश पुन्हा बाकड्यावर चढला. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. आवाज फाटला होता, सूर लागत नव्हता.

"बा देवा म्हाराजा! कोनाचा ह्यो लेक जखमी होऊन पडलाय... त्याला बरा कर! त्याच्या आवशीपाशी सुखरूप पोचव!"

"ए, गप रे!" "उतर खाली!" मागून पाण्याची बाटली आली आणि त्याच्या खांद्यावर आपटली. ओमकार त्याचा सदरा खेचू लागला, "नित्या, इज्जत घालवतोस आपली!" आणि त्या गदारोळात एकटा म्हातारा आवाज उठला.

"व्हय म्हाराजा!"

चाचा उभे राहिले होते. आणखी कोणी साथ दिली नाही. बाकीचे दोघांकडे तोंड वाकडं करून पाहत राहिले.

मुंबई जिंकली. पण परतीच्या बसमध्ये आनंदापेक्षा राग जास्त होता. चाचांच्या शेजारची जागा रिकामी राहिली; तिथे जाऊन बसायचा धीर नितेशलाही झाला नाही. "पुढच्या वेळी माणसं बघून घ्यायची गाडीत," असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं गेलं. उजाडता संगमेश्वरला चहाला गाडी थांबली तेव्हा चाचांनी पिशवी उचलली.

"मी हितून एसटीनं जातंय."

नितेशनंही आपली पिशवी उचलली. "जा, जा, दोघं जा!" ओमकारनं खिडकीतून हात हलवला आणि गाडी निघून गेली.

स्टँडच्या बाकावर दोघं एसटीची वाट पाहत बसले. नितेशचा मोबाइल वाजायचा थांबत नव्हता. उलट्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ कधीच गावात पोचला होता. राजश्रीचा निरोप होता: "खिडक्या लावून आता उपयोग नाही. सगळ्यांनी ऐकलं." त्या गोलरक्षकाचा जबडा मोडला होता, पण तो शुद्धीवर आला होता, अशी बातमीही आली. नितेशनं ती चाचांना वाचून दाखवली आणि त्याचा बांध फुटला.

"चाचा, मला माफ करा. मी तुम्हाला परका म्हटलं."

"म्हटलंस खरा," चाचा म्हणाले. "आनि ता मला लागला. येवढ्यात विसरेन असा समजू नको. पन तू आता काय करनार ता सांग."

"मी यंदा गाऱ्हाणं घालणार नाही. या तोंडानं नाही."

"म्हंजे सुटलास!" चाचा कडाडले. "तोंड विटाळला म्हनून शिवून टाकतात काय? धुतात! ज्या तोंडानं वाईट मागितलंस त्याच तोंडानं गावासमोर कबूल कर."

त्याच संध्याकाळी गावकरी जमले ते रागानंच. आजवर गाऱ्हाण्याला कोणी हसलं नव्हतं, आणि आता सारं जग हसत होतं! मान काढून घ्या, असं बरेच जण म्हणाले. नितेशनं सगळं ऐकून घेतलं. मग तो उभा राहिला. काय केलं, अयूबचाचांना काय बोललो, त्यांनी का अडवलं, काहीही न लपवता त्यानं सांगितलं. "मान काढलात तरी माझी तक्रार नाही. पण ओमकारला दोष देऊ नका. त्यानं फक्त दाखवलं. बोललो मी." मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ओमकारनं मान खाली घातली. गावचे प्रमुख असलेल्या मोठ्या गावकरांनी बराच विचार केला आणि म्हटलं, "यंदा घाल. गाव व्हय म्हनतो की नाय, ता गाव ठरवील."

शिमगा आला. पालखी सहाणेवर बसली. नितेशनं गाऱ्हाणं सुरू केलं. पहिल्या वाक्यांना गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण हातचं राखून, जेवढ्यास तेवढं. दर्यावरच्यांसाठी मागून झालं, आखातातल्यांसाठी मागून झालं, मुक्या जनावरांसाठी झालं. एरवी इथे गाऱ्हाणं संपतं. नितेश थांबला. मग त्यानं सूर पुन्हा उचलला.

"आनि म्हाराजा, जो आमच्यासमोर खेळायला उभा ऱ्हातो, तो आमचा वैरी नव्हं. त्याच्याशिवाय आमचा खेळच नाय. त्यालाबी त्याच्या घरी सुखरूप पोचव!"

गाव गप्प. असलं मागणं या सहाणेवर कोणी केलं नव्हतं. नितेशला वाटलं, संपलं सगळं. आणि मग गर्दीच्या मागे उभा असलेला ओमकार, मोबाइल खिशात घालून मोकळ्या झालेल्या हातांनी नमस्कार करत, म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्यामागोमाग सगळं गाव गर्जलं.

बंधुभगिनींनो, आपल्या संघासाठी घसा फुटेपर्यंत ओरडावं. त्यात काही पाप नाही. पण समोरच्याचं वाईट मागून आपलं भलं होत नसतं, आणि गर्दीत बोललेला शब्दसुद्धा बोलणाऱ्याचाच असतो. मैदानात जाल तेव्हा तोंड उघडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे वाक्य मी देवापुढे, साऱ्या गावासमोर, माझं नाव सांगून म्हणू शकेन का?